वणवा पेटतो श्रावणात

दिवाळीच्या अंकात आगीची गोष्ट सांगायला बसलो, तर वाचक म्हणतील, या मास्तरांना सणासुदीला काही शुभ सुचत नाही. पण ही गोष्ट सांगायला दिवाळीसारखा दुसरा मुहूर्त नाही. चैत्रात सांगून उपयोग नसतो. तेव्हा डोंगर पेटलेला असतो आणि ऐकणारे हातात डहाळ्या घेऊन धावत असतात. श्रावणात सांगावी, तर लोक हिरव्यागार टेकड्यांकडे बोट दाखवून हसतात. दिवाळीला मात्र वेळ बरोबर साधते. दौलताबादच्या रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या असतात, गडाच्या उतारावरचे गवत हिरव्याचे पिवळे होऊ लागलेले असते, आणि काही करायचे म्हटले तर अजून दोन-तीन महिने हाताशी असतात. तेव्हा, वाचकहो, फराळाचे ताट बाजूला सारू नका. पण जरा कान इकडे द्या.

२०२५ च्या एप्रिल महिन्यात देवगिरीचा किल्ला पेटला. ‘किल्ला पेटला’ हे आपले बोलण्यातले. दगड काही पेटत नाही. पेटले ते गडाच्या अंगावरचे वाळलेले गवत आणि झुडपे. छत्रपती संभाजीनगरहून गड सुमारे १५ किलोमीटर. अग्निशामक दलाचे बंब आले. पण येऊन येऊन येणार कुठवर? पायथ्यापर्यंत! पुढची वाट पायऱ्यांची, बोळांची, खंदकावरच्या अरुंद पुलाची आणि काळोख्या भुयाराची. शत्रूला वर जाता येऊ नये म्हणून ज्यांनी ती वाट आखली, त्यांनी सात-आठशे वर्षांनंतरच्या पाण्याच्या बंबालाही दाद दिली नाही. वर चढून आग विझवायची ती माणसांनीच, पायी.

त्या आठवड्यात वर्गात एका मुलाने उभे राहून विचारले, “सर, गडाला आग लावली कुणी?”

प्रश्न साधा होता आणि सगळ्या गावाच्या तोंडी तोच होता. मी त्याला म्हटले, “काडी कुणी ओढली हे शोधणे पोलिसांचे काम. आपण मराठीच्या तासाला बसलो आहोत, आपण निराळा प्रश्न विचारू. काडी ओढायला एक क्षण पुरतो. पण जे पेटले, ते तिथे रचले कुणी?”

मुले हसली. मी मात्र त्या प्रश्नात अडकलो. पुढचे सहा महिने सुटीच्या दिवशी गडाच्या पायथ्याने, खुलताबादच्या घाटाने, म्हैसमाळच्या वाटेने हिंडलो, वनरक्षकांना, गुराख्यांना, मेंढपाळांना भेटलो, थोडेफार वाचले. त्यातून जे कळले ते एका वाक्यात सांगता येईल: वणवा चैत्रात दिसतो, पण तो पेटतो श्रावणात.

गडाची आग, डोंगराची आग

देवगिरीला आगीचे वावडे कधीच नव्हते. उलट, आग हे या गडाचे एक शस्त्र होते. यादवांच्या राजधानीचा हा गड सुमारे दोनशे मीटर उंचीच्या सुट्या डोंगरावर उभा आहे. डोंगराचा खालचा भाग तासून भिंतीसारखा उभा केलेला, त्याभोवती खडकात खोदलेला खंदक. खंदक ओलांडला की ‘अंधारी’ लागते. हा डोंगराच्या पोटातून वर चढणारा, वळणावळणाचा काळोखा मार्ग. त्याच्या वरच्या तोंडावर लोखंडी झाकण टाकून त्यावर विस्तव पेटवण्याची सोय होती. खाली अडकलेला शत्रू धुराने आणि आचेने गुदमरावा, अशी ती योजना. वाटाडे आजही ती जागा दाखवतात आणि शहरातून आलेली मंडळी ‘अरे बाप रे!’ म्हणून पुढे जातात.

असा हा आगीला नोकरीवर ठेवणारा गड गवताच्या आगीपुढे निरुपाय झाला. खंदकाने माणूस अडतो, घोडा अडतो, हत्ती अडतो. गवताचे बी अडत नाही. ते वाऱ्यावर बसून जाते, पाखराच्या पिसातून जाते, सहलीला आलेल्या पोरांच्या पायमोज्याला चिकटून अंधारीतून बिनदिक्कत वर पोहोचते आणि तटाच्या फटीत मुक्काम ठोकते.

मग प्रश्न पडतो, की गड नांदता होता तेव्हा हे गवत कुठे होते? होतेच. पण तेव्हा त्याला गिऱ्हाईक होते. मराठ्यांच्या इतिहासाची जुनी कागदपत्रे ज्यांनी चाळली असतील, त्यांना ‘कही’ हा शब्द आठवेल. फौजेसाठी चारा, लाकूडफाटा आणायला बाहेर पडणारी तुकडी म्हणजे कही. घोडदळ म्हणजे हजारो तोंडे. ती रोज भरायची. शत्रूची कही मारावी, त्याच्या वाटेवरची वैरण जाळून टाकावी, ही त्या काळची मोठी युद्धनीती. ज्या दिवसांत गवताच्या भाऱ्यावर मोहीम जगत वा मरत असे, त्या दिवसांत गडाच्या अंगावर कंबरभर गवत चैत्रापर्यंत कोण उभे राहू देईल? ते कधीच विळ्याखाली गेलेले असणार. गडाचे बुरूज राहिले, तोफा राहिल्या. गवत कापणारे तेवढे गेले.

वणव्याचे बारमास

आता वणव्याचे पंचांग पाहू. आपले वर्ष चैत्रात सुरू होते. वणव्याचे वर्ष मृगाच्या पावसाने सुरू होते.

आषाढ-श्रावणात आमच्या या काळ्या पाषाणाच्या, पातळ मातीच्या डोंगरांवर गवत उगवते. लांबून सगळे एकच हिरवे दिसते. पण जवळ गेले तर त्यात जाती-पोटजाती आहेत. मारवेल आहे, गुरांच्या फार आवडीचे. पवना आहे. सुगंधी तेलाचे रोशा आहे. आणि कुसळी आहे, जिची कुसळे धोतराला चिकटल्याखेरीज मराठवाड्यातला माणूस डोंगरावरून घरी आलेला नाही. पाऊस जितका चांगला, तितके गवत उंच. २०२४ साली मराठवाड्यावर पाऊस मेहेरबान झाला. सप्टेंबरात जायकवाडी भरले, दरवाजे उघडावे लागले. दुष्काळाची सवय असलेल्या आमच्या मुलखाला केवढा आनंद झाला! त्याच पावसाने डोंगरही भरले होते, याची नोंद मात्र कुणी ठेवली नाही. धरणात साठलेले पाणी टक्क्यांनी मोजतात. डोंगरावर साठलेले सरपण मोजण्याची रीत नाही.

आश्विन-कार्तिकात गवताला तुरे येतात. मार्गशीर्ष-पौषात ते वाळते. माघात पानझडीच्या रानातली साग, सालई, धावडा ही झाडे पाने टाकू लागतात आणि वाळल्या गवतावर वाळल्या पानांचा दुसरा थर बसतो. फाल्गुनात पळस फुलतो. दुरून पाहणाऱ्याला रानात ज्वाळा उठल्याचा भास होतो, म्हणून कवी त्याचे वर्णन करतात. पण रानात राहणारा माणूस पळस फुलला की धास्तावतो. कारण आता खऱ्या ज्वाळांचेही दिवस आले. वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. चैत्र-वैशाखात ऊन तापते, दुपारी वारा उठतो, आणि गवताची काडी इतकी कोरडी होते, की ठिणगी पडण्याचाच अवकाश.

म्हणजे श्रावणात रचायला सुरुवात केलेली चिता चैत्रात पूर्ण होते. काडी ओढणारा शेवटी येतो.

हे केवळ आमच्याच डोंगराचे नाही. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतले लॉस एंजेलिस शहर जळाले, ते आपण सर्वांनी दूरदर्शनवर पाहिले. ७ जानेवारीला पॅलिसेड्स आणि ईटन या दोन मोठ्या आगी लागल्या. तीसच्या आसपास माणसे मेली, सोळा हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. जगातले श्रीमंत शहर, विमाने, हेलिकॉप्टरे, सगळे काही हाताशी. तिथल्या आगीची पूर्वपीठिका पाहा. आधीचे दोन हिवाळे तिथे भरपूर पाऊस झाला. डोंगरांवर गवत-झुडपे माजली. मग २०२४ च्या उन्हाळ्यापासून पाऊस जवळजवळ पडलाच नाही. माजलेले सगळे वाळले. त्यात वाळवंटाकडून येणारा कोरडा वारा सुटला. श्रावण तिथला असो की इथला, वणव्याचे गणित तेच: आधी ओल, मग वाळवण, मग वारा.

काडी कुणाची?

काही देशांत वणवे विजेने लागतात. आपल्याकडे वीज येते ती पावसाला सोबत घेऊन; माघ-फाल्गुनात कोरड्या आभाळातून वीज पडून डोंगर पेटला, असे क्वचितच घडते. बांबूवर बांबू घासून आग लागते, हेही आपण लहानपणापासून ऐकतो. पण आपल्या डोंगरांवर बांबू किती आणि वणवे किती, याचा हिशेब कुणी करावा! भारतातले बहुतेक सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात, हे वनखात्याचे जाणकार एकमुखाने सांगतात.

हात मात्र अनेक प्रकारचे. विदर्भाकडे आणि सातपुड्यात मोहाची फुले वेचायची असतात. झाडाखालचा पाचोळा जाळला, की पिवळी फुले स्वच्छ जमिनीवर नीट दिसतात. तेंदूला नवी पालवी जोमाने फुटावी म्हणून कुणी आग लावतो. शेतकरी बांध जाळतो, धसकटे जाळतो, आणि आग बांधावरून डोंगरावर जाते. कुणी ससा-रानडुक्कर हुसकून काढण्यासाठी लावतो. कुणी विडी फेकतो. कुणी शहरातून येऊन डोंगरावर चूल मांडतो, मटण शिजवतो आणि निखाऱ्यावर माती न टाकता गाडीत बसतो. आणि कुणी मेंढरांना कोवळे गवत मिळावे म्हणून लावतो.

या शेवटच्या माणसाला भेटायची माझी फार इच्छा होती. भाद्रपदातल्या एका दुपारी पायथ्याच्या गायरानात एक म्हातारे मेंढपाळ भेटले. मी बाटलीतले पाणी पुढे केले, ते म्हणाले, “बसा गुरुजी.” इकडचे तिकडचे झाल्यावर मी आगीचा विषय काढला.

“आग तर लागनारच की,” ते म्हणाले. “गवत कापायला आता हाय कोन? माझ्या बापाच्या टायमाला ह्या डोंगराच्या गवतापायी भांडनं व्हायची. आता बैल गेले, ट्रॅक्टर आले. छपरावर पत्रे आले. गवताला कोन विचारतंय?”

“बाबा, तुम्ही कधी लावलीत का आग?”

ते हसले. “लपवून काय करू? तरनेपनी लावलीया. जळल्या रानात कोंब लवकर निघतो. मेंढरं तुटून पडत्यात त्याच्यावर.”

“आणि आता?”

“आता न्हाई. जळून जळून ह्या उतारावर नुसतं कुसळ राह्यलंय. मेंढराच्या तोंडात रुततं, लोकरीतून कातड्यात जातं. कापावं म्हनलं तर कात्री चालत नाय. आपलंच केलेलं, सांगावं कुनाला?”

म्हाताऱ्यांचे हे बोलणे आणि गवताचे शास्त्र एकमेकांशी तंतोतंत जुळते. कुसळीच्या बियाला मागे पिळाचे लांब कुसळ असते. हवेतला ओलावा कमी-जास्त झाला, की तो पीळ सुटतो आणि पुन्हा बसतो. त्या फिरण्याने बी गिरमिटासारखे मातीत शिरते. वरून वणवा जातो तेव्हा हे बी खाली सुखरूप असते. गुरांच्या आवडीचे चांगले गवत वारंवारच्या आगीने मागे हटते आणि कुसळी त्याची जागा घेते. कुसळी कोवळेपणी गुरे खातात, पुढे तोंड लावत नाहीत. म्हणून ती उभी वाळते. उभी वाळते म्हणून पुन्हा पेटते. पहिल्या वर्षी वणवा मेंढपाळाला कोवळा कोंब देतो हे खरे; पण त्याचे व्याज तो पुढची वीस वर्षे कुसळांत वसूल करतो.

गुडघाभर ज्वाळेचा पराक्रम

मराठीत आपण वणवा हा शब्द मोठ्या रुबाबात वापरतो. क्रांतीचा वणवा, असंतोषाचा वणवा, विरहाचा वणवा! सभेतला वक्ता तो शब्द उच्चारताना हात वर नेतो. आमच्या डोंगरांवरचा खरा वणवा दिसायला इतका भव्य नसतो. परदेशी देवदार-निलगिरीच्या रानात आग शेंड्याशेंड्यांवरून उड्या मारत जाते. आपल्या पानझडी रानात ती बहुधा जमिनीवरून सरपटते, गुडघाभर, कंबरभर. रात्री दुरून पाहिले तर डोंगराच्या गळ्यात कुणी केशरी माळ घातली आहे, असे वाटते. मुले तर आनंदाने पाहत बसतात.

पण ही सरपटणारी आग कमी लेखू नये. उतार हा तिचा घोडा. सपाटीवर ज्वाळा सरळ वर जाते. उतारावर ती वरच्या गवताकडे कललेली असते आणि त्याला आधीच वाळवून, तापवून ठेवते. उतार दहा अंशांनी वाढला, की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. माणसाचे उलट, उतार वाढला की त्याचा वेग निम्मा होतो. तमिळनाडूतल्या तेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ रोजी हाच हिशेब चुकला. डोंगर हिंडायला आलेली तरुण मंडळी उंच वाळल्या गवताच्या उतारावर आगीत सापडली. वीसहून अधिक जीव गेले. तिथे दाट अरण्य नव्हते. होते ते गवतच. आमची पोरे रविवारी गडावर, टेकड्यांवर जातात, तेव्हा मला ती बातमी आठवते.

आग निघून गेल्यावर त्या जागी जावे. आधी भेटतात ते कोतवाल पक्षी. होरपळून उडणारे किडे टिपायला ते आगीच्या कडेकडेने आलेले असतात. मग शांतता. तितर, लावा, चंडोल ही जमिनीवर घरटे करणारी पाखरे. त्यांची अंडी, पिल्ले राखेत जातात. साप, घोरपड, कासव, ज्याला बीळ सापडले तो वाचतो. मोठी झाडे काळी पडतात, पण तगतात. पळस तर बुंध्यातून पुन्हा फुटतो. मरतात ती वीतभर, हातभर उंचीची रोपे. दरवर्षी जळणाऱ्या रानात पाहावे: म्हातारी झाडे दिसतात, तरणी दिसतात, लेकुरवाळेपणाची खूण मात्र कुठे दिसत नाही. मुले नसलेल्या गावासारखे ते रान. आणि मग रोहिणीचा पहिला वळीव येतो. उघड्या उतारावर टपोरे थेंब आपटतात. राख वाहते, तिच्यामागे माती वाहते, आणि हजार वर्षांत वीतभर जमलेला थर ओढ्याने खाली जातो. राहतो तो मुरूम. त्यावर पुढच्या श्रावणात उगवायला तयार असते कुसळी.

आकाशातून राखण

सरकार स्वस्थ बसले आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. रानाला आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. अभयारण्यात आग लावायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने बंदी आहे. आमच्या जिल्ह्यातले गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली घोषित झाले, तिथे हा कायदा लागू आहे. आता तर आकाशातूनही राखण होते. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांनी टिपलेल्या आगींच्या सूचना राज्यांना देते. पूर्वी एक किलोमीटरचा ठिपका दिसे, आता पावणेचारशे मीटरचा दिसतो. डोंगर पेटला, की काही तासांत वनरक्षकाच्या मोबाईलवर संदेश येतो. याच संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार देशाच्या वनाच्छादनापैकी ३६ टक्क्यांहून अधिक भाग वारंवार आग लागण्याजोगा आहे.

पण उपग्रह दिवसातून मोजक्या वेळा डोक्यावरून जातो. दुपारी लागून संध्याकाळी विझलेली गवताची आग दोन फेऱ्यांच्या मध्ये निसटू शकते. आणि संदेश आला, तरी डोंगर चढायचा वनरक्षकाने. त्याच्या हातात काय? कुठे वाऱ्याचा झोत सोडणारे यंत्र, आणि बहुतेक ठिकाणी हिरव्या डहाळीचा झोडपा. एकेका वनरक्षकाच्या वाट्याला कित्येक डोंगर. २०२३ च्या मार्चमध्ये गोव्यात म्हादई अभयारण्यात आणि आसपास दिवसेंदिवस आगी लागत राहिल्या, तेव्हा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी भरून आणावी लागली. हेलिकॉप्टर येणे ही मदतच. पण ते यावे लागले, याचा अर्थ त्याआधीचे सहा महिने आपण काही केले नव्हते, असाही होतो.

भागवतात एक कथा आहे. गोपाळ खेळात रमले, गाई चांगल्या गवताच्या लोभाने दूर मुंजाच्या रानात शिरल्या आणि चहूंकडून दावानलाने वेढल्या गेल्या. कृष्णाने सर्वांना डोळे मिटायला सांगितले आणि तो दावानल गिळून टाकला. मी वर्गात ही कथा सांगतो तेव्हा मुले खूश होतात. पण कृष्ण रोज येत नाही. आपले डोळे मिटलेले आहेत खरे, पण गिळणारा कुणी नाही. गिळायचे असेल तर दावानल होण्याआधी, गवत असतानाच गिळले पाहिजे. आणि ते काम गाईंना उत्तम येते.

मार्गशीर्षातले काम

यात गूढ काहीच नाही. उपाय जुने आहेत आणि सगळे हिवाळ्यातले आहेत.

पहिला उपाय जाळरेषा. डोंगराच्या पायथ्याने, वाटांच्या कडेने, सरहद्दीवर काही मीटर रुंदीचा पट्टा गवत काढून मोकळा करायचा, वा वारा नसताना, दहिवर असताना, माणसे उभी करून वनखात्याच्या देखरेखीखाली जाळून घ्यायचा. मग चैत्रातली आग त्या पट्ट्यापाशी येते आणि खायला काही नाही म्हणून थांबते. आगीने आग रोखायची ही विद्या जगभर आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या आर्नहेम प्रदेशात तिथले आदिवासी कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच, गवत अर्धवट ओले असताना, छोटे छोटे तुकडे जाळून घेतात, म्हणजे पुढे मोठी आग भडकत नाही. गोऱ्या लोकांनी ही रीत एके काळी मोडली होती. २००६ पासून तिथे तीच रीत सरकारी आधाराने पुन्हा चालू झाली. मात्र हे काम जाणत्याचे. कुणी उत्साही वाचकाने काड्यापेटी घेऊन टेकडीवर जाऊ नये!

दुसरा उपाय त्याहून सोपा: गवत कापणे. गायरान ग्रामपंचायतीचे, राखीव रान वनखात्याचे, गड पुरातत्त्व विभागाचा; ज्याची जागा त्याची परवानगी घ्यावी आणि कार्तिक-मार्गशीर्षात गवत कापून न्यावे. दुष्काळी वर्षी याच मराठवाड्यात चारा-छावण्या उघडाव्या लागतात, कडब्याचे भाव गगनाला भिडतात. एका वर्षी चारा नाही म्हणून गुरे विकायची आणि दुसऱ्या वर्षी डोंगरभर चारा जाळून टाकायचा, हा कुठला संसार? कापलेल्या गवताची गंजी नीट रचली तर पुढच्या वर्षापर्यंत टिकते, हे आपल्या आजोबांना ठाऊक होते. कुसळ धरण्याआधी कापली, तर कुसळीसुद्धा वैरणीच्या कामाला येते.

तिसरा उपाय माणसांचा. १९२७ च्या त्याच अधिनियमात कलम ७९ आहे. ज्यांना रानातून चराई वा लाकूडफाट्याचा हक्क आहे, त्यांनी आग विझवायला मदत केली पाहिजे, असे ते सांगते. कलम चांगले आहे. पण ज्याचे रानावाचून काहीच अडत नाही, त्याला कलमाने डोंगरावर कसे चढवणार? ज्या गावाला डोंगराचे गवत हवे असते, ते गाव डोंगर जळू देत नाही. म्हाताऱ्या मेंढपाळांच्या वडिलांच्या काळी गवतापायी भांडणे होत, म्हणूनच बहुधा वणवे कमी होत असतील. ज्याच्यासाठी कुणी भांडत नाही, ते जळते. शेत काय, डोंगर काय, नाती काय!

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ फाटले. शेते खरडली, घरे पडली, गुरे वाहून गेली. त्या दुःखापुढे गवताची गोष्ट काढायला जीभ रेटत नाही. तरी सांगितले पाहिजे, की तोच पाऊस डोंगरांवरही पडला. पुराने ज्याची वैरण नेली, त्या शेतकऱ्यासाठी त्या डोंगरांवर गवत उभे होते. ते विळ्याखाली जाते की आगीखाली, हे आपण मार्गशीर्षात काय करतो त्यावर ठरते.

परवा पुन्हा गडाखालून गेलो. एप्रिलच्या आगीची खूण शोधावी लागली. सगळीकडे गवत, आणि वाऱ्याबरोबर त्याच्या लाटा अंधारीच्या वरच्या कड्यापर्यंत चाललेल्या. एक सीताफळवाल्या मावशी म्हणाल्या, “काय बघता सर? छान दिसतंय न्हवं?” मी म्हटले, “छान दिसतंय, मावशी.”

सुटी लागण्याआधी शेवटच्या तासाला तोच मुलगा माझ्याकडे आला. त्याने आणि त्याच्या चार मित्रांनी पायथ्याजवळच्या एका गावच्या सरपंचांना विचारले होते. गायरानाच्या कडेने दहा फूट रुंदीचा पट्टा कापून द्यायला गावाची ना नाही. गवत ज्याला हवे त्याने न्यावे. डिसेंबरातले दोन रविवार ठरले आहेत. अडचण एकच होती.

“सर,” तो म्हणाला, “विळे कुठं मिळतात?”

मी शेतकऱ्याचा नातू. पण मलाही चटकन सांगता येईना. शेवटी म्हटले, “त्या मेंढपाळ बाबांना विचारू. आणि विळा धरायचा कसा, तेही त्यांनाच विचारू.”